बुडालेल्या आजोबांचं अक्षर

“त्यांना सांग, खिडकी लावा. धूळ येतेय,” अण्णाआजोबा म्हणाले.

“त्यांना सांग, खिडकी अडकलीय. उपरणं आहे ना, ते घ्या म्हणावं तोंडावर,” तात्या म्हणाले.

मी एकदा उजवीकडे वळले, एकदा डावीकडे वळले आणि दोघांनाही काहीच सांगितलं नाही. एकाच बाकावर बसलेल्या माणसांचं बोलणं एकमेकांना ऐकू येतं, हे त्या दोघांना पटवून देण्याचा नाद मी कोल्हार सोडतानाच सोडून दिला होता.

ही गोष्ट चौऱ्याऐंशी सालच्या कार्तिकातली. मी बावीस वर्षांची होते आणि पंधरा दिवसांनी माझं लग्न होतं. लग्न ठरलेल्या मुलीने घरात बसून मेंदीची डिझाइनं बघायची, तर मी नगर-नाशिक एस.टी.त दोन भांडखोर म्हाताऱ्यांच्या मध्ये चेंगरून शंभर वर्षांपूर्वी बुडालेल्या माणसाचा शोध घ्यायला निघाले होते. आई म्हणाली होती, “हिच्या डोक्यावर परिणाम झालाय.” झालाही असेल. त्या महिन्यात मला कशाचंही हसू यायचं आणि आलं की आवरायचं नाही.

तात्या म्हणजे माझे आजोबा, बाबांचे वडील. नगरला ड्रॉइंग मास्तर होते, वय बहात्तर, आदल्याच वर्षी हृदयाचा झटका येऊन गेलेला. अण्णाआजोबा शहात्तरचे. गोदाकाठच्या कवठसंगमला एकटे राहायचे. बायको तरुणपणीच गेली, मूलबाळ नाही. आडनाव दोघांचंही नेर्लेकर. पण अण्णा थोरल्या पातीचे आणि आम्ही धाकट्या पातीचे, आणि थोरल्या पातीच्या मते आम्ही नेर्लेकर नव्हतोच.

कारण असं, की अण्णांचे आजोबा चिंतामण हरी हे गोदावरीच्या महापुरात बुडाले. नाव उलटली, त्यांनी पाच जणांना काठाला लावलं आणि सहाव्यासाठी परत गेले ते गेलेच. त्यांची बायको द्वारका, पदरी तीन वर्षांचा मुलगा. तो मुलगा म्हणजे अण्णांचे वडील. ही द्वारका पुढे मुलाला दिराच्या घरी टाकून नगरला गेली आणि अनंत हरी नावाच्या माणसाबरोबर तिने संसार मांडला. तिला तिथे जो मुलगा झाला ते तात्यांचे वडील. म्हणजे आजी दोघांची एकच, आजोबा मात्र वेगवेगळे.

“तो अनंत आमच्या घरी पाणी भरायला होता,” अण्णा म्हणाले. “विचार त्यांना, आडनाव कुठून आणलं? आमचंच. हरी हे बापाचं नाव कुठून आणलं? तेही आमचंच. चोराने बाप सुद्धा सोडला नाही!”

“त्यांना सांग,” तात्यांचा आवाज चढला, “माझे आजोबा सुधारक होते. त्या काळात ब्राह्मणाच्या विधवेशी लग्न केलं त्यांनी. वाळीत टाकलं तरी डगमगले नाहीत. तिच्या मुलाला परकं वाटू नये म्हणून तिचं आडनाव स्वतः लावलं. एवढं काळीज आहे का कुणाचं? माझ्या वडिलांना त्यांची आई सांगायची, मी दोनदा बोहल्यावर चढले म्हणून. अभिमानाने सांगायची. हसून सांगायची.”

“हसणारच. लाज कुठे होती!”

“तात्या, गोळी घ्या,” मी म्हटलं आणि पाण्याची बाटली पुढे केली.

सिन्नरला चहाला उतरलो तोवर पुरातून वाचवलेली माणसं पाचाची सात झाली होती. नाशिक आणखी लांब असतं तर अख्खं गाव वाचलं असतं.

आता आमचं नाशिकला काय काम, ते सांगते. थोरल्या पातीकडे मूळचे देव होते. चांदीचे चार टाक आणि एक लंगडा बाळकृष्ण. घरातल्या प्रत्येक लग्नात आधी हे देव मांडायचे, मग पुढचं कार्य. पण धाकट्या पातीच्या एकाही लग्नाला ते देव मिळाले नाहीत. तात्यांच्या लग्नात सुपारी मांडली, बाबांच्या लग्नात सुपारी मांडली. माझं लग्न ठरल्यावर तात्यांनी जे कधी केलं नव्हतं ते केलं. स्वतः कवठसंगमला जाऊन अण्णांच्या ओसरीवर उभे राहिले आणि म्हणाले, “नातीच्या लग्नाला देव द्या.” अण्णांनी भिंतीकडे बघत उत्तर दिलं, “तुमचा आजोबा कोण, कुठला, कुणाचा मुलगा, हे लेखी दाखवा. आमचे देव आमच्या रक्ताच्या घरी जातात. नाही दाखवलंत तर पुन्हा ह्या दारात मागायला यायचं नाही.”

तात्या घरी आले ते न जेवता झोपले. झटक्यानंतर डॉक्टरांनी त्यांना मनाला लावून घेऊ नका असं सांगितलं होतं, जसं काही मन त्यांना विचारून लावून घेत होतं. मला रडूच आलं. मला देवांचं फारसं काही नव्हतं, सुपारीनेही माझं लग्न लागलंच असतं. पण तात्यांना मरायच्या आत एकदा कुणीतरी ‘तुम्ही आमचेच’ म्हणायला हवं होतं, आणि ते म्हणू शकणारा माणूस जगात एकच उरला होता.

माझी नाशिकची एक मैत्रीण होती. तिने सांगितलं, की तिथल्या उपाध्यांकडे गावागावांच्या वह्या असतात. तीर्थाला जो येतो तो आपल्या हाताने आपली वंशावळ लिहून जातो, बापाचं नाव, आजाचं नाव, मुलंबाळं सगळं. मी अण्णांना पत्र टाकलं. वाटलं होतं, उत्तर यायचं नाही. उलट टपाली कार्ड आलं: ‘तुम्ही खोटा कागद आणाल. मोडी तुम्हांला वाचता येत नाही. मी स्वतः येऊन वाचेन.’

म्हणून ही यात्रा.

उपाध्ये गुरुजींचं घर रामकुंडाच्या जवळच, अरुंद जिन्याने वर. गुरुजी पस्तिशीचे, गोरेपान, धोतराच्या कनवटीला स्कूटरची किल्ली. आम्हांला सतरंजीवर बसवून त्यांनी विचारलं, “गाव? आडनाव?” आणि आतून लाल फडक्यात बांधलेली एक लांबलचक वही आणली. पानं चाळताना ते पुटपुटत होते. मग थांबले.

“कवठसंगमचे नेर्लेकर. शंभर वर्षांत तुमच्याकडचं कुणीच आलं नाही हो! काय कारण?”

“आमच्या आजोबांना गोदावरीने नेलं,” अण्णा म्हणाले. “माझ्या वडिलांनी शपथ घेतली होती, तिच्यात पाय घालायचा नाही. मीही घातलेला नाही. काठावर जन्म काढला, पण अंघोळ विहिरीची.”

“आणि हे?” गुरुजींनी तात्यांकडे पाहिलं.

“आम्ही सुधारक घराण्यातले,” तात्या ताठ बसून म्हणाले. “भटजींच्या वह्यांत नावं लिहीत नाही. तुम्ही राग मानू नका.”

“छे छे, सुधारकही येतात की,” गुरुजी म्हणाले. “फक्त अंधार पडल्यावर येतात.”

मला हसू फुटलं. दोन्ही बाजूंनी कोपरं लागली.

पहिली नोंद शके अठराशेची, म्हणजे पुराच्या पाच वर्षं आधीची. खुद्द चिंतामण हरींच्या हातची. अण्णांनी चष्मा लावला, वहीला आधी हात जोडले, मग वाचलं. वडील हरी, आजा बाळकृष्ण, थोरला भाऊ बाळाजी, पत्नी द्वारका. 

“हे बघ,” ते मला म्हणाले, आणि पहिल्यांदाच ‘त्यांना सांग’ शिवाय म्हणाले. “माझ्याकडे ह्यांच्या हातची पोथी आहे. साठ वर्षं रोज सकाळी हेच अक्षर वाचतोय. बघ, ओळ संपताना कशी वर चढते. घाई फार होती माणसाला.”

“आता अनंत हरी बघा,” तात्या अधीर होऊन म्हणाले.

गुरुजींनी पाच-सहा पानं उलटली. “आहेत. शके अठराशे दहा. अनंत हरी नेर्लेकर, मुक्काम नगर. अरे वा, ह्यांनी तर पानभर लिहिलंय.”

तात्यांनी माझा हात घट्ट धरला.  अण्णांनी वही पुढे ओढली, तोंड उघडलं आणि तसेच बसून राहिले.

“काय झालं?” मी विचारलं.

अण्णांनी मागची पानं उलटली, पहिली नोंद पाहिली. पुन्हा पुढे आले. पुन्हा मागे गेले. गुरुजीही वाकून बघायला लागले. 

“काय लिहिलंय ते सांगा तरी!” मी जवळजवळ ओरडलेच.

“हे अक्षर,” अण्णा म्हणाले, “आमच्या आजोबांचं आहे.”

“कसं असेल? ते तर त्याच्या पाच वर्षं आधी...”

“मला माहीत आहे ते कधी बुडाले!” अण्णा डाफरले. “दर श्रावणात श्राद्ध करतो मी त्यांचं! पण अक्षर त्यांचंच आहे. ओळ बघ. चढलीय.”

मग त्यांनी वाचायला सुरुवात केली. एकेक शब्द सुटा करत, शाळेतल्या मुलासारखं.

“‘लिहितो अनंत हरी नेर्लेकर, पूर्वीचा चिंतामण हरी, मुक्काम कवठसंगम, हल्ली नगर.’”

खालून टांगेवाल्याची हाक ऐकू आली. 

“‘शके अठराशे पाचचे श्रावणात नदीपलीकडे पैलवाडीस गेलो होतो. परत येण्यास गाठोडे व पागोटे नावेत ठेविले. नाव भरेतो एक डाव सोंगट्या खेळावा म्हणून देवळात बसलो. डाव लांबला. नाव गेली ती मध्यधारेत उलटली. माणसे पोहून निघाली.’” अण्णा इथे अडखळले. “‘माणसे पोहून निघाली. आपण नावेत नव्हतो हे देवाचे उपकार मानून दुसरा डाव मांडिला.’”

 मी ओठ दाबून धरले.

“म्हणजे सात जणांना...” तात्या हळूच म्हणाले.

“पोहून निघाली म्हणतायत ना!” अण्णा ओरडले. “‘पूर बारा दिवस उतरेना. निरोप पाठविणेस सोय नाही. डाव बरे पडत होते. तेराव्या दिवशी पहिले नावेने घरी आलो तो पंगत बसली होती. भूक फार. कोणाचे कार्य हे न विचारता शेवटचे पानावर बसलो. जेवण उत्तम होते. लाडू तीन खाल्ले. मागाहून कळले की तेरावे माझेच.’”

मग मात्र मला आवरेना. मी पदरात तोंड खुपसलं, पण खांदे हलायचे ते हलतच होते. गुरुजींनी आधी गंभीर राहायचा प्रयत्न केला, मग तेही भिंतीकडे तोंड करून बसले.

“हसू नका!” अण्णा म्हणाले. “‘बाळाजीदादा लाडू वाढावयास आले ते मजकडे पाहून भोवळ येऊन पडले. पळसाचे पानांचा पुतळा करून, डोकीस नारळ लावून, मला जाळिले होते. हिजसाठी दहावे दिवशी न्हावी आणिला होता. ही म्हणाली, प्रेत दाखवा, मग वस्तरा लावा. न्हावी परत गेला.’”

“शाब्बास आजी!” तात्या एकदम म्हणाले.

“पुढे शास्त्राचा प्रश्न आला असेल,” गुरुजी डोळे पुसत म्हणाले. “एकदा अंत्यक्रिया झाली की माणूस मेला. तो परत आला तर नुसता घरात घेता येत नाही. त्याचा नव्याने जन्म करावा लागतो. सगळे संस्कार पहिल्यापासून. बारसं, मुंज...”

“लग्न?” मी विचारलं.

“लग्नसुद्धा. पहिल्याच बायकोशी.”

तात्यांनी माझा हात सोडला. त्यांच्या चेहऱ्यावरून घराण्याची अख्खी सुधारणा हळूहळू उतरत गेली.

“वाचा हो पुढे,” ते म्हणाले. अण्णांशी म्हणाले, थेट. पण त्या घाईत दोघांच्याही ते लक्षात आलं नाही.

“‘गावचे भटजी धजेनात म्हणून येथे आलो. तुपाचे घंगाळात बसविले. पाळण्यात घालून अनंत नाव ठेविले. पाळणा मोडला. मुंज झाली. भिक्षावळीस हिनेच लाडू घातला. मग हिजशी लग्न लागले. आंतरपाटापलीकडे ही इतकी हसत होती की भटजी दोनदा मंगलाष्टक चुकले.’”

“दोनदा बोहल्यावर चढले,” तात्या पुटपुटले. “दोनदा. त्याच माणसाबरोबर. माझ्या वडिलांनी तिला विचारलं होतं, कुणाकुणाशी गं? तर नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून म्हणायची, ‘ह्यांच्याशी आणि ह्यांच्याशी.’ आणि हसत सुटायची. बाबा सात वर्षांचे असताना गेली ती. मग ज्या मास्तरांनी बाबांना वाढवलं, त्यांना विधवाविवाहाचं भारी वेड. बाकीची गोष्ट त्यांनी जमवली असणार. व्याख्यानात सांगायचे ते.”

“तिला वैधव्य बारा-तेरा दिवसांचं,” अण्णा म्हणाले, “तेही चुकून.”

आणि हसले. अण्णाआजोबांना हसताना मी पहिल्यांदाच बघत होते. वरचे दोन दात नव्हते. तात्या त्यांच्याकडे बघत होते, त्यांचीही मिशी थरथरायला लागली. मग दोघेही असे सुटले, की गुरुजींच्या आई आतून काय झालं म्हणून बघायला आल्या. हुतात्माही गेला होता, सुधारकही गेला होता. राहिला होता तो लाडू खाणारा एक बेफिकीर माणूस, आणि तो दोघांचाही होता. मला वाटलं, झालं. देव मिळाले.

“थांबा, आहे अजून,” अण्णा डोळे पुसत म्हणाले. “‘शास्त्रार्थाने आता चिरंजीव गोविंद मजहून तीन वर्षांनी वडील ठरतो. त्यास मी नमस्कार करावा काय, असे उपाध्यांस विचारिले. ते उत्तर देत नाहीत.’”

गोविंद म्हणजे अण्णांचे वडील. मी पुन्हा हसायला लागले, पण ह्या वेळी अण्णा हसले नाहीत. त्यांचं बोट पुढच्या ओळीवर थांबलं होतं.  मग त्यांनी चष्मा काढला.

“तात्या,” ते म्हणाले, “माझ्याच्याने वाचवत नाही रे.”

पन्नास वर्षांत त्यांनी तात्यांना नावाने हाक मारली नव्हती. तात्या उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसले. पण तात्यांना मोडी कुठे येत होती! शेवटी गुरुजींनी वही घेतली आणि हलक्या आवाजात वाचलं.

“‘दादा म्हणतात, मेल्या माणसास वाटा नाही व मूलही नाही. गोविंदास देत नाहीत. आणावयास तीन वेळा गेलो. यंदा गेलो तेव्हा तो ओट्यावर धडा गिरवीत होता. आठ वर्षांचा झाला आहे. त्यास सांगितले आहे की बाप बुडाला. त्याने मला विचारले, आपण कोण? दादा दारात उभे होते. मला सांगता आले नाही. ही नगरास वाट पाहत होती. मी एकटा परत आल्याचे पाहून ही पुष्कळ दिवस हसली नाही. येथे सर्वांचे वंशज येतात म्हणून लिहून ठेवितो. गोविंद केव्हा तरी येईल, तेव्हा वाचील. त्यास सांगावे की बाप बुडाला नव्हता. खेळत बसला होता. चुकले.’”

पान तिथे संपलं. दोन वर्षांनी अनंत हरी खरोखरच वारले, तापाने. पुढे प्लेगात निम्मं कवठसंगम गेलं, आणि ज्यांना खरं ठाऊक होतं ते ते बरोबरच घेऊन गेले.

“बाबा आलेच नाहीत इथे,” अण्णा म्हणाले. “शपथ घेतली होती ना त्यांनी! नाशिकचं नाव काढलं की उठून जायचे. मरेपर्यंत त्यांना वाटत होतं, की आईने आपल्याला टाकलं आणि परक्या माणसाबरोबर निघून गेली. शेवटच्या दुखण्यात मला म्हणाले, आईला मी नको होतो का रे? मी काय सांगणार?” त्यांनी उपरण्याने नाक पुसलं. “आणि मी तोच राग पुढे चालवला. तुझ्यावर.”

“अण्णा, जाऊ द्या आता,” तात्या म्हणाले. ते स्वतःच रडत होते.

गुरुजींनी वहीचं कोरं पान काढलं. मग दौत आणि टाक पुढे ठेवला. “आता तुमचं लिहा. आलात ना, लिहायचंच असतं.”

अण्णांनी टाक घेतला. नवीन पानावर आधी वर चिंतामण ऊर्फ अनंत असं लिहिलं, खाली दोन फाटे काढले, गोविंद आणि तात्यांचे वडील माधव. गोविंदाखाली स्वतःचं नाव घातलं आणि त्याखाली रेघ मारली, कारण पुढे कोणी नव्हतं. मग माधवाखाली तात्यांचं नाव लिहिलं.

“मुलं सांग,” ते म्हणाले.

तात्यांनी सांगितली. दोन मुलगे. मग सुना. मग नातवंडं. फाटे फुटत गेले तशी अण्णांची मान पानावरून वर येत गेली. लिहिता लिहिता एकाएकी ते थांबले.

“गुरुजी, म्हणजे आम्ही दोघं सख्खे चुलतभाऊ.”

“अर्थात.”

“मग मी गेलो तर ह्यांना सुतक?”

“दहा दिवस,” गुरुजी म्हणाले.

“पूर्ण दहा?”

“पूर्ण. सगळ्या घराला.”

अण्णांनी टाक खाली ठेवला आणि बोटांवर मोजायला सुरुवात केली. तात्या एक. मुलगे दोन, सुना दोन. नातवंडं पाच. तात्यांची बायको. “अकरा माणसं!” ते म्हणाले. त्यांचा चेहरा असा उजळला, की बघणाऱ्याला वाटावं, ह्यांना कुणी जहागीर दिली. शहात्तर वर्षं हा माणूस अशा विश्वासात जगला होता, की आपण गेलो तर जगात कुणाच्याही घरी चूल थांबणार नाही. “अकरा माणसं, तात्या! देवपूजा बंद, गोड बंद. दहा दिवस!”

“हो अण्णा. पण...” तात्या चाचरले. “पंधरा दिवसांवर हिचं लग्न आहे. तेवढं जरा...”

“मी काय वेडा आहे?” अण्णा म्हणाले. “लग्नाचं जेवल्याशिवाय मरतोय होय! आणि देव मी स्वतः घेऊन येतो. मांडीवर घेऊन येतो. तुम्हा लोकांचा भरवसा नाही, एस.टी.त विसराल.” मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. “अकरा नाही. दहाच. ही चालली दुसऱ्या घरी. लग्न झालेल्या मुलीला माझं सुतक नाही.”

“मी पाळीन,” मी म्हटलं.

“शास्त्रात बसत नाही.”

“शास्त्रात बाप मुलाहून तीन वर्षांनी लहान बसतो, आणि मी नाही बसत?”

गुरुजी म्हणाले, “ह्याला माझ्याकडे उत्तर नाही.”

अण्णांनी थोडा विचार केला. मग टाक पुन्हा दौतीत बुडवला आणि नातवंडांच्या ओळीत माझं नाव घातलं.

माझं लग्न चार टाक आणि लंगडा बाळकृष्ण ह्यांच्या साक्षीने लागलं. अण्णाआजोबा पहिल्या पंगतीला बसले, दुसऱ्याही बसले. देव परत न्यायचे ते विसरले असं त्यांनी सांगितलं, आणि वर्षभराने देवांपाठोपाठ स्वतःच तात्यांकडे राहायला आले. दोघे दुपारी सोंगट्या खेळत. अण्णा लबाडी करत, तात्या चिडत, आणि डॉक्टर म्हणत, ह्यांच्या प्रकृतीला हे चांगलं मानवलंय.

नऊ वर्षांनी, ऐन मे महिन्यात, अण्णा झोपेतच गेले. पुण्याला मला फोन आला तेव्हा सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. आठवड्यावर आमच्याकडे नणंदेच्या मुलाची मुंज होती, घरभर फराळाचे डबे भरलेले होते.

“कोण गेलं गं?”

“अण्णाआजोबा.”

“अरेरे. पण तुला काही नाही लागत त्यांचं,” त्या समजुतीने म्हणाल्या. “तू दिल्या घरची झालीस.”

“मला लागतं,” मी म्हटलं. “दहा दिवस.”

नणंद आजही त्या मुंजीवरून मला बोलते. मी त्या दहा दिवसांत लाडवाला हात लावला नाही.